खांदा धरला तेव्हा

'हात वर जातो का गो?' वाडीत जो भेटेल तो हेच विचारायचा. वर जात नव्हताच, पण माझं खरं घोडं अडलं होतं वळण्यात. कोपर कमरेला टेकवून पंजा बाहेर वळवायचा म्हटलं तर खांदा जागचा हलेना. वेणी घालणं त्यामुळेच बंद पडलं.

चिपळूणच्या हाडांच्या डॉक्टरांनी आधी नेमकं हेच करून पाहिलं. एक्स-रेमध्ये काही नव्हतं. 'फ्रोझन शोल्डर' म्हणाले आणि लगेच शुगर तपासायला पाठवलं, कारण मधुमेहात हे दुखणं जास्त दिसतं. सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड होतं, आक्रसतं. ते वरून तेल चोळून कसं सुटणार? तरी गुहागरात घरोघरच्या तेलाच्या बाटल्या माझ्याकडे जमल्याच.

रात्री त्या कुशीवर झोपताच येईना, म्हणून सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. त्याने काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहायला सांगितलं होतं. ठणका उतरला आणि मग फिजिओथेरपी अंगाला लागली.

फिजिओथेरपिस्ट माझ्या लेकीच्या वयाची. आधी शेक, मग उताणं झोपवून एका हाताने खांद्याचं पातं दाबून धरायची आणि दुसऱ्याने दंड वरच्या टोकाशी धरून बारीक बारीक हेलकावे द्यायची. 'काकू, श्वास रोखू नका.' मी हमखास रोखायची.

घरी टेबलाला टेकून, वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. भिंतीवर बोटं चढवायची. सगळ्यात कामाचा व्यायाम काठीचा: उताणं पडून, कोपराखाली टॉवेलची घडी ठेवून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. व्यायामानंतर दुखणं थोड्या वेळात शमलं तर ठीक, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी जोर कमी, हा तिचा नियम. आमच्या ह्यांनी विहिरीवरची जुनी कप्पी हौसेने पडवीच्या वाशाला टांगली, तर तिने ती दुखणं कमी होईपर्यंत वापरू दिली नाही.

हा आजार पुष्कळदा एक ते तीन वर्षांत आपणहून सैल होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणायला सोपं! तोवर नारळ कोण खवणार?

आता वेणी घालते, वलणीवर कपडे टाकते. हात पाठीमागे मात्र अजून पुरता जात नाही, साडी मागून सूनच खोचून देते. चिपळूणची फेरी महिन्यावर आली, काठी रोज चालूच आहे.