तुम्ही विचारलंत म्हणून: रोवळीत बल्ब लावला तर ती पेटत नाही का?

आमच्या जेवणाच्या टेबलावर बांबूची रोवळी उलटी टांगलेली आहे, तिच्या आत बल्ब आहे. बाहेरच्या खोलीत हातकागदाचा लांबट दिवा आहे, पलंगाशेजारी करवंटीचा. हे सगळं घरीच केलेलं आहे असं कळलं की पाहुणे, शेजारी, भाचरं, सगळे एकच विचारतात: बांबू, कागद, त्यात वीज. पेट घेत नाही का?

नाही घेत. पण तुमची भीती खोटी नाही, ती फक्त चुकीच्या जागी आहे. भीती कागदाची नको, वायरची बाळगा. हे नीट समजावून सांगावं असं फार दिवस मनात होतं, कारण या भीतीपोटी हात आखडून बसलेली माणसं मला जितकी भेटतात, तितकीच कसलीही भीती न बाळगता वायरी पिळून टेप गुंडाळणारीही भेटतात. दुसऱ्या मंडळींची मला जास्त काळजी वाटते.

आधी उष्णतेचं बघू. आपली भीती जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातली आहे आणि त्या काळात ती अगदी रास्त होती. त्या बल्बमधली टंगस्टनची तार साधारण 2,500 अंश सेल्सिअसपर्यंत तापायची, तेव्हा कुठे उजेड पडायचा. घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होऊन जायची. 60 वॅटच्या बल्बची काच शंभर अंशांच्या वर सहज जाते, आणि तिला कागद किंवा कापड टेकून राहिलं तर उष्णता तिथेच कोंडते, कागद आधी तपकिरी पडतो, मग काळा. म्हणून घरातली मोठी माणसं आकाशकंदिलात झिरोचाच बल्ब लावू द्यायची. नाव झिरो असलं तरी तो साधारण 15 वॅट घ्यायचा, पण त्याची काच कागद जाळण्याइतकी तापत नसे. शिवाय कामट्यांच्या जुन्या कंदिलाची ठेवणच शहाणी होती. तो वरून आणि खालून उघडा असतो. गरम हवा वरून निघून जाते, खालून गार हवा येते. कंदील करणाऱ्याने हे पुस्तकातून घेतलेलं नव्हतं, हाताने शिकलेलं होतं, आणि आजही कुठलाही दिवा करताना मी हीच ठेवण पाळते.

एलईडीने हा हिशेब बदलला. पूर्वीच्या 60 वॅटच्या बल्बएवढा उजेड आता 9 वॅटमध्ये मिळतो. 2015 च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, 9 वॅटचे एलईडी बल्ब स्वस्तात घरोघर गेले, आणि माझ्यासारखीला कागदाशी, बांबूशी खेळायची मोकळीक मिळाली. आतला ऐवज 9 वॅटचा असेल तर त्यातून निघणारी सगळी उष्णता धरली तरी ती 9 वॅटहून जास्त असूच शकत नाही. कागद पेटायला साधारण 230 अंशांच्या आसपास तापावा लागतो. चांगल्या स्थितीतला एलईडी बल्ब मोकळ्या हवेत त्याच्या जवळपासही जात नाही.

पण एलईडी तापतच नाही हा समज मात्र सोडा. वरचा पांढरा घुमट कोमट असतो, तापते ती मान, म्हणजे होल्डरजवळचा भाग. तिथे आत छोटं सर्किट असतं. बंद बरणीत, झाकण लावून, बल्ब तासन्‌तास पेटवला तर बरणीला काही होत नाही, बल्बचं सर्किट मात्र लवकर मरतं. म्हणून वरून उघडं, खालून उघडं, आणि बल्ब ते कागद यांमध्ये चारही बाजूंनी किमान चार बोटं अंतर. दोन तास दिवा चालू ठेवून मग दिव्याच्या वरच्या भागाला बाहेरून हात लावा. हात निवांत ठेवता आला तर दिवा जमला.

अंतराची ही गोष्ट नवी नाही. जपानमध्ये गिफू शहरात कागदी कंदील करण्याची जुनी परंपरा आहे. इसामू नोगुची हा शिल्पकार 1951 मध्ये तिथे गेला आणि बांबूच्या बारीक कड्यांवर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद चढवून, आत विजेचा बल्ब ठेवून त्याने दिवे केले. अकारी म्हणून ते आजही हातानेच होतात. तो काळ तापणाऱ्या बल्बचा होता. कागद बल्बपासून दूर आणि हवेला वाट, एवढ्यावर ते निभावले.

आता वायर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

9 वॅटचा बल्ब 230 व्होल्टवर जेमतेम 0.04 अँपिअर वीज घेतो. इतक्याशा विजेने वायर तापत नाही. पण त्याच वायरची दोन टोकं कुठे उघडी पडून एकमेकांना टेकली, तर बोर्डातून क्षणात त्याच्या हजारो पट प्रवाह धावतो. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह धावला की आपोआप पडणारी बोर्डातली कळ, असेल तर ती पडते, नसेल किंवा बिघडलेली असेल तर तिथेच ठिणगी, आणि ठिणगीशेजारी कागद. टोकं उघडी कशी पडतात? डब्याच्या पत्र्याची कापलेली कड, बाटलीच्या भोकाची धार, चाळणीचा काठ. वायर तिथे घासत राहते, दिवा वाऱ्याने हलतो, महिन्यामहिन्याने आवरण झिजतं. म्हणून जिथे वायर धातूतून किंवा काचेतून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी, हवाच. नाही मिळाला तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी करून बसवा.

दुसरी गोष्ट, दिव्याच्या आत जोड नको. पिनेपासून होल्डरपर्यंत वायर अखंड हवी. कमी पडली म्हणून पिळून जोडलेली आणि टेप गुंडाळलेली वायर मला कुणाच्याही घरी दिसली की मी गप्प राहू शकत नाही. टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो, पावसाळ्यात दमट होतो. जोड द्यावाच लागला तर तो दिव्याबाहेर, स्क्रूच्या कनेक्टरने, डबीत बंद करून.

तिसरी, ओढ. वायर कुणी ना कुणी ओढणारच, लहान मूल किंवा झाडू. होल्डरच्या टोपीतून वायर आत आली की दोन तारांची मिळून एक गाठ मारायची, मग तारा स्क्रूखाली घट्ट करायच्या. ओढ गाठीवर येते, स्क्रूवर येत नाही. हलकी रोवळी होल्डरच्या आधाराने लटकली तर चालतं. पितळी किंवा मातीचं जड काही असेल तर त्याला स्वतंत्र दोरी किंवा साखळी द्या, भार वायरवर नको.

नवख्यांनी आट्याचा होल्डर न घेता आपला खाचांचा, दोन टिकल्यांचा होल्डर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. आट्याच्या होल्डरमध्ये फेज (झटका देणारी तार) मधल्या टिकलीलाच जायला हवा. टू-पिन उलटी खोचली गेली तर तोच फेज बाहेरच्या आट्यांना येतो आणि बल्ब फिरवताना बोटं तिथेच असतात. खाचांच्या होल्डरमध्ये दोन्ही टिकल्या आत खोल असतात. तरीही बल्ब बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढूनच हात घाला. दिवा धातूचा असेल, म्हणजे चाळणी, डबा किंवा टेबल फॅनची जाळी, तर तीन तारांची वायर आणि थ्री-पिन हवीच, हिरवी तार धातूला स्क्रूने पक्की जोडलेली. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारी कळ, बसवलेली नसेल तर दिवे करायच्या आधी तो खर्च करा. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी.

इतकं सांभाळलं की मग पुढचा सगळा आनंदाचा भाग.

रोवळीपासूनच सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते. तांदूळ धुवायची रोवळी ही बुरूड कारागिरांची कमाल आहे. पाणी निथळावं पण दाणा पडू नये, इतक्याच फटी. त्याच फटींतून उजेड निथळतो. रंग न लावलेली घ्या. काही तास पाण्यात बुडवून ठेवा, कोरड्या बांबूशी झटापट केली तर तो चिरतो. मग तळाच्या मध्यावर पेचकसाचं टोक घालून विणीतल्या पट्ट्या हळूहळू बाजूला सारा. कापायचं नाही, सारायचं. होल्डरच्या गळ्याएवढं भोक झालं की त्यात तेवढ्याच जाडीचा दांडका खुपसून रोवळी सावलीत वाळवा. वाळल्यावर भोक तसंच राहतं, आणि होल्डरच्या रिंगमध्ये रोवळी घट्ट बसते. बांबूला भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. तो टाळायचा असेल तर भिजवण्याच्या पाण्यातच बोरॅक्स आणि बोरिक पावडर विरघळवा. मात्र अशा रोवळीत पुन्हा तांदूळ धुवायचे नाहीत.

टेबलापासून दिव्याची खालची कड अडीच-तीन फुटांवर ठेवा. बसलेल्याच्या डोळ्यांत बल्ब येत नाही आणि समोरच्याचा चेहराही झाकत नाही.

आत बल्ब कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. दुधी बल्ब लावला तर उजेड पसरट येतो, भिंतीवर नुसती मऊ छाया. पारदर्शक काचेचा, आत तारेसारख्या पट्ट्या दिसणारा एलईडी लावला तर रोवळीची सगळी वीण भिंतींवर, छतावर उमटते. उजेडाचा उगम जितका लहान, सावली तितकी रेखीव. जेवायला बसायच्या जागी मला ही जाळी आवडते, वाचायच्या जागी मुळीच नाही. ताटात सावल्या हललेल्या ज्यांना चालत नाहीत त्यांनी दुधीच घ्यावा.

रंग मात्र घरात सगळीकडे पिवळसर, 2,700 ते 3,000 केल्व्हिन. खोक्यावर आकडा छापलेला असतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्यांना तो पांढरा दिसतो. 6,500 केल्व्हिनच्या बल्बात निळं जास्त उरतं, आणि बांबू, हातकागद, करवंटी या सगळ्यांचे रंग तपकिरी-पिवळ्या बाजूचे. त्यांच्यावर तो निळसर उजेड टाकला की बांबू राखाडी आणि आजारी दिसतो. एवढी मेहनत करून चुकीचा बल्ब लावू नका, दोन्हींची किंमत साधारण सारखीच असते.

कागदी दिव्यासाठी पतंगाचा कागद स्वस्त आणि सुंदर, पण उन्हात लवकर विटतो. घरात कायम ठेवायचा असेल तर हातकागद घ्या, पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे. त्या कागदातले तंतू दिवा लावल्यावरच दिसतात. जिलेटिन पेपर मी वापरत नाही, त्यातून बल्ब थेट डोळ्यांत येतो. चिकटवायला मैद्याची खळ. तिला किडे लागू नयेत म्हणून पूर्वी चिमूटभर मोरचूद घालत, पण ते विष आहे, घरात लहान मुलं असतील तर नकोच. थर्माकोल तर कुठल्याही दिव्यात नको. तो आधी वितळतो, मग भराभर जळतो, आणि धूर काळा, घातक.

करवंटी निवडताना डोळ्यांची बाजू घ्या. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो पेचकसाने सहज फुटतो, वायर जायला आयती वाट. बाहेरून पॉलिश पेपरने घासायची, आधी जाडा, मग बारीक, शेवटी खोबरेल तेलाचा हात. अर्धा वॅटचा रात्रीचा बल्ब तिला पुरतो.

बाटल्यांचे दिवे करायचे तर 230 व्होल्ट आत नेऊच नका. मोबाइलच्या चार्जरवर चालणारी 5 व्होल्टची माळ आत सोडा. बाटलीला मागून भोक पाडायचं असेल तर डायमंड बिट, मंद वेग आणि सतत पाणी. छोट्या बटण-सेलवर चालणाऱ्या माळाही मिळतात, पण लहान मूल असलेल्या घरात त्या नकोत. तो सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. मुलांना हाताशी घेऊन काही करायचं असेल तर सगळंच 5 व्होल्टवर करा.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लोहार चाळीत. वायरीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 694 हा आकडा वाचूनच पैसे द्या. होल्डर, पिन, वायर यांत कधी काटकसर करू नये. काटकसर रोवळीत होतेच आहे की.

आणि केलेला दिवा कुणाला भेट देणार असाल तर आतल्या बाजूला, होल्डरजवळ, पक्क्या शाईने लिहून द्या: ‘फक्त एलईडी, 9 वॅटपर्यंत’. तुम्हाला हे माहीत आहे, पण चार वर्षांनी त्या घरात बल्ब गेला आणि कुणी माळ्यावरचा जुना 100 वॅटचा बल्ब काढून लावायला निघालं, तर ते त्या माणसाला तिथेच वाचता आलं पाहिजे.