महिन्याला नक्की किती पैसे वाचतात? तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या रविवारी बारशाच्या पंगतीत परत तोच प्रश्न आला. "तुम्ही बाई हिशोबाला पक्क्या, महिन्याला नक्की किती वाचतात हो?" विचारणाऱ्या बाईंच्या ताटात अख्खी जिलबी उष्टी पडली होती आणि माझी नजर तिथेच होती, हे कबूल करते. मी नेहमीसारखं "काही नाही हो, आपलं थोडंफार" म्हटलं आणि मठ्ठा प्यायले. जाऊबाई विचारतात, ऑफिसातल्या मुली विचारतात, खालच्या मजल्यावरच्या काकू तर जिन्यात अडवून विचारतात. काहींना खरंच काहीतरी करून बघायचं असतं आणि बाकीच्यांना कंजूष म्हणायचं असतं पण तोंडावर म्हणवत नाही. दोघांनाही एकदाच काय ते सांगून टाकते.

2020 साली ह्यांची नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतली नोकरी कशी गेली, हप्ते कसे थकले, ते तुम्हाला सगळं माहीत आहे, ते परत उगाळत नाही. तेव्हापासून ही हिशोबाची वही आहे.

गॅसचं सोपं आहे. तूरडाळ तासभर भिजत टाकायची, कुकरमध्ये डाळ-भात-बटाटे एकावर एक लावायचे, वाफ धरली की गॅस बारीक करायचा, आणि कालनिर्णयवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची. ही तारीखच खरी गंमत आहे, कारण एकदा लिहायला लागलं की आपण स्वतःशीच शर्यत लावतो. 14.2 किलोची टाकी आमच्याकडे आधी 31-32 दिवस जायची, आता 43 जाते. कांदा मी एप्रिल-मेमध्ये उन्हाळी घेते, गोणीच घेते, आणि गॅलरीत पातळ पसरून ठेवते, दर आठ दिवसांनी खालीवर करून सडका उचलायचा की दिवाळीपर्यंत चिंता नाही. थंडीतला लाल कांदा मात्र असा भरायला जाऊ नका, तो टिकत नाही, मी एका वर्षी अर्धी गोणी फेकलीय. भाजी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात, तीही दिवेलागणीला, तेव्हा वाटे लावून उरलंसुरलं देतात. साय साठवून तूप घरीच. एवढं करून कोणाच्या पोटाला मी चिमटा काढलेला नाही, माझी पोरगी वर्गात सगळ्यात उंच आहे. (बघा, लगेच सफाई द्यायला लागले. सवयच झालीय.)

विजेचं सांगायला मला आवडत नाही, पण तुम्ही सगळ्यात जास्त तेच विचारता. महावितरणच्या बिलात शंभर युनिटच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. आमचं बिल 130-140 युनिटचं यायचं आणि मला कोणीतरी सांगितलेलं की 101 वा युनिट पडला की अख्खं बिलच वरच्या दराने येतं. मी ते धरून बसले. शंभर म्हणजे लक्ष्मणरेषाच झाली आमच्या घरात, महिन्याच्या वीस तारखेनंतर मी मीटर बघायला रोज खाली जायचे. पोरीने सहावीत असताना स्केचपेनने कागद करून दिले, "बाहेर पडताना बंद करा", खाली हसरा चेहरा, ते प्रत्येक बटणाच्या वर सेलोटेपने लावले. खरं म्हणजे वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो, पहिल्या शंभरांना पहिलाच दर राहतो. बिलाच्या मागे दरांचा तक्ता छापलेला असतो, मी तो तीन वर्षांत एकदाही नीट वाचला नाही. हिशोबाला पक्की म्हणे.

आता नानांचं सांगते. हे पंगतीत सांगता येत नाही.

नाना म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते. काटकसरीत माझे गुरूच म्हणा, चिल्लर मोजून मोजून बोटं तशीच झालेली. मे 2023. त्यांच्या खोलीतून संडासला जायला एक छोटा बोळ आहे, तिथे एक 9 वॅटचा बल्ब. आधी तो रात्रभर चालू असायचा. मी सांगितलं की नाना, हा रात्री बंद ठेवत जाऊ, तर ते म्हणाले, "सूनबाई, मला अंधारातलं दिसतं, मुक्कामी गाडीवर जन्म गेलाय माझा." त्यांनी स्वतःच बंद करायला सुरुवात केली. हे मी पुष्कळ वेळा सांगितलंय, ह्यांना, नणंदेला, डॉक्टरांनाही, की ते स्वतःच करायचे. कोणी विचारलेलं नसताना सांगितलंय.

त्याच बोळात मी वॉशिंग मशीनच्या शेवटच्या पाण्याची बादली भरून ठेवायचे, सकाळी फरशी पुसायला. आणि ऐका, आमच्या सोसायटीत पाण्याचं बिल सगळ्यांना सारखं वाटून येतं, म्हणजे त्या बादलीने माझा एक रुपयाही वाचत नव्हता. पण पाणी वाया जाताना मला बघवायचं नाही, आजही बघवत नाही.

रात्री तीनच्या सुमारास बादलीचा आवाज आला. प्लॅस्टिकची बादली फरशीवर घसरत गेल्याचा तो आवाज, मग भिंतीवर आपटल्याचा. मी अर्धवट झोपेत होते आणि माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीय, की पाणी सांडलं. अख्खी बादली गेली. नानांचा विचार त्याच्या नंतर आला. किती नंतर, एक सेकंद असेल, दोन असतील, पण नंतर. मी अंधारातच चाचपडत गेले, पाय ओल्यात पडला, आणि बटण दाबलं तेव्हा तो कागद माझ्या डोळ्यांसमोर, हसऱ्या चेहऱ्यासकट. नाना भिंतीला टेकून बसलेले, एक पाय भलतीकडेच वळलेला, लेंगा भिजून चिकटलेला. आणि ते मला म्हणाले, "फरशी पुसून घे आधी, कोणीतरी घसरेल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन, अर्धा सांधा बदलला, बारा दिवस हॉस्पिटल, सगळं मिळून 1 लाख 92 हजार. माझ्या आरडीत तेव्हा 1 लाख 31 हजार होते, वाचवलेले, तीन वर्षांचे. ते मोडले, उरलेले दिरांनी दिले. हे तेव्हापासून सगळ्यांना कौतुकाने सांगतात की बघा, हिने पै पै साठवली म्हणून नानांचं वेळेवर झालं, कोणापुढे हात पसरावा लागला नाही. लोक माना डोलावतात. मीही काही दिवस डोलावली.

त्या बल्बचा हिशोब मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून केला. 9 वॅट, आठ तास, तीस दिवस, म्हणजे दोन युनिट आणि थोडं. वरच्या दराने धरलं तरी वीस-बावीस रुपये. महिन्याचे.

आणि आता जे सांगतेय ते फक्त ह्यांना माहीत आहे. नानांचा मेडिक्लेम होता, दोन लाखांचा. वर्षाला 21 हजार हप्ता जायचा. 2020 मध्ये मी म्हटलं की हा थांबवू या, पाच वर्षांत एक क्लेम नाही केला. हे गप्प बसले, म्हणजे हो. तीन हप्ते भरले नाहीत आणि ते 63 हजार मी माझ्या वहीत "वाचले" या रकान्यात लिहिले, लाल पेनाने, खाली दोन रेघा मारून.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की आरडीच्या हिशोबाने महिन्याला 3600 वाचायचे आणि मेडिक्लेमचे काढले तर 1900 सुद्धा नाही. कांदा, तूप, गॅस, बल्ब सगळं धरून.

पण थांबा, लगेच "अति तिथे माती" म्हणू नका, ते मला नणंदेने म्हणून झालंय. 2020 च्या जूनमध्ये घरात चार हजार रुपये होते आणि पाच माणसं. तेव्हाच्या मला जाऊन काय सांगू, हप्ता भर? कुठून? ती मला विचारेल की मग पोरीची फी कोण भरणार होतं, आणि माझ्याकडे उत्तर नाही. मात्र 2021 च्या शेवटी ह्यांना नवीन नोकरी लागली, तेव्हा भरता आला असता. तोपर्यंत मला रकाना भरायची चटक लागली होती. ती तेव्हाची बाई हे मान्य करत नाही, म्हणते घाबरले होते मी. असेलही. दोघींचं रात्री चालू असतं.

वही अजून आहे. कुकर तसाच लावते, यंदाही दोन गोण्या कांदा भरलाय. बादली मात्र आता गॅलरीत.

मागच्या महिन्यात इलेक्ट्रिकवाल्याने सेन्सरचा बल्ब दाखवला, माणूस आला की आपोआप लागतो, 280 रुपये. मी दुकानात उभ्या उभ्या हिशोब काढला की चौदा महिन्यांत पैसे वसूल होतील, आणि मग तो न घेताच घरी आले. साधाच बल्ब लावलाय, रात्रभर चालू ठेवते. नाना वॉकर घेऊन हिंडतात आता. आज पहाटे पाचला उठले तर बोळात अंधार. कोणी बंद केला ते मी विचारलं नाही, परत चालू केला आणि दूध तापत ठेवलं.