कोळंबी वातड होऊ द्यायची नसेल तर – माझा अनुभव

कोळंबी करायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष मसाल्याकडे जातं, पण मी जेव्हा हे नीट शिकायचं मनावर घेतलं तेव्हा लक्षात आलं की मसाला कुठलाही घाला, खरा खेळ पाण्याचा आणि वेळेचा आहे. कोळंबी आचेवर असते जेमतेम दोन-तीन मिनिटं, बाकीचा सगळा वेळ तयारीत जातो, आणि ती तयारी नीट झाली की पुढचं फार सोपं आहे.

आधी घेताना काय बघते ते सांगते. कच्ची कोळंबी करडी, थोडी आरपार दिसणारी, बोटाने दाबली तर घट्ट लागणारी हवी. गुलाबी दिसली तर ती बहुतेक वेळा आधीच उकडलेली असते, ती पुन्हा शिजवून काही हाती लागत नाही. वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा नाकात चढणारा वास आला की सरळ नाही म्हणायचं. आणि फ्रोझनला नाक मुरडू नका प्लीज! दुकानात बर्फावर 'ताजी' म्हणून मांडलेली कोळंबी पण बऱ्याचदा आधी गोठवलेली आणि मग सोडवलेली (म्हणजे बर्फ वितळवलेली) असते, त्यापेक्षा गोठलेलीच आणून घरी सोडवलेली बरी. फक्त पाकिटावर घटक वाचा, त्यात फॉस्फेट असेल तर मी घेत नाही, कारण त्याने कोळंबी जास्तीचं पाणी धरून ठेवते आणि तव्यात ते सगळं सुटतं. मग भाजायला जावं तर ती नुसती उकडत बसते.

गोठलेली असेल तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून द्यायची. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात साधारण अर्धा तास. गरम पाणी अजिबात नको, बाहेरचा थर शिजायला लागतो आणि आत बर्फ तसाच.

आता सोलणं. पोटाकडचे पाय आधी ओढून काढायचे, मग तिथूनच अंगठा आत सरकवला की टरफल एका बाजूने उलगडत येतं, शेपटी हवी तर ठेवा नाहीतर हलकी चिमटीत दाबून ओढा, आतलं मांस न तुटता बाहेर येतं. पाठीवरचा काळा दोरा म्हणजे तिचं आतडं. तो पोटात गेला म्हणून काही अपाय होत नाही, पण मोठ्या कोळंबीत त्यात रेती असते आणि ती दाताखाली कचकचते, त्यामुळे मोठीचा मी काढतेच. अगदी बारीक कोळंबी असेल तर तेवढ्यासाठी तास घालवत नाही. चीर उथळ द्यायची, दोरा दिसण्यापुरतीच. किंवा चीर न देता पाठीवर मधल्या सांध्यात टूथपिक आडवी खुपसून हळूच वर उचलायची, दोरा अख्खा येतो, करून बघा, फार समाधान वाटतं.

धुवायचं झटपट, पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. मग कापडाने किंवा टिश्यूने कोरडी करायची, आणि हे नीट करायचं, दोन थरांत दाबून दाबून. माझ्या मते अख्ख्या प्रकारात सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच गाळतात.

यानंतर मी मीठ आणि खायचा सोडा लावते. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला एक छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा सोडा, चोळून पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे मांसातली प्रथिनं पाणी जास्त धरून ठेवतात आणि चावताना तो छान टचटचीतपणा येतो. पावच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. मीठ इथे गेलंय हे लक्षात ठेवून पुढे मसाल्यात कमी घालायचं. लिंबू मात्र आत्ता लावायचं नाही. आंबटात जास्त वेळ राहिली की कोळंबी वरून पांढरी पडते, आचेवर जायच्या आधीच घट्ट व्हायला लागते. लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर.

तवा आधी चांगला तापू द्या, तेल घाला आणि कोळंबी एका थरात, मध्ये जागा सोडून. जास्त असेल तर दोन-तीन वेळा करा, एकदम ओतली की तवा गार पडतो आणि पाणी सुटतं. मध्यम आकाराला एका बाजूने दीड मिनिट, उलटून साधारण एक मिनिट. कडा गुलाबी व्हायला लागतात ते बघायला मला अजून मजा येते. तो रंग आधीपासून तिच्यात असतोच, ॲस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, आचेने प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो. पण नुसत्या वरच्या रंगावर जाऊ नका, डोक्याकडच्या जाड टोकाला चिरेत डोकावून बघा, तिथे करडं आरपार काही उरलं नसलं आणि मांस पांढरं दिसलं की झालं. शरीर सैलसर वाकलेलं हवं, शेपूट डोक्याकडच्या टोकाला चिकटून पूर्ण गोल झाली तर जास्त शिजली समजा. थर्मामीटर असेल तर ६३ अंश सेल्सिअस. आणि लगेच ताटात काढा, तव्यात राहिली तर गॅस बंद असला तरी शिजतच राहते.

रस्सा करायचा असेल तर रस्सा आधी पूर्ण करून घ्यायचा, मसाला परतलेला, तेल सुटलेलं, मीठ चाखलेलं, सगळं. उकळी आली की कोळंबी घालायची, आच कमी करायची, आणि तीनेक मिनिटांत गॅस बंद. 'चव उतरायला हवी' म्हणून वीस मिनिटं उकळत ठेवतात ते मला बघवत नाही.

कारण चव उतरवायची असेल तर त्यासाठी टरफलं आणि डोकी आहेत ना! ती फेकू नका हो. थोड्या तेलात मोठ्या आचेवर परतली की तेलच केशरी होतं, तो रंग तेलात विरघळणारा आहे म्हणून, आणि घरभर खमंग वास सुटतो. मग बुडेल एवढंच पाणी, वीस मिनिटं मंद उकळी, आणि गाळताना डोकी डावाने चांगली दाबून घ्यायची. हे पाणी रस्स्यात साध्या पाण्याऐवजी घाला. त्या दिवशी सवड नसेल तर टरफलं पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, साठली की एकदम करा.

पाहुण्यांना वाढणार असाल तर मात्र कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे का हे आधी विचारा, आणि असेल तर हे टरफलांचं पाणीसुद्धा त्यांच्या कुठल्याच पदार्थात जाऊ देऊ नका.