खड्डा नसलेल्या रस्त्यावर

मी मिरजेचा. मिरजेत सायकलवरून पडणं हा सार्वजनिक प्रश्न असतो. पडलेला उठायच्या आत चार जण गोळा होतात. एक जण सायकल उभी करतो, दुसरा पुढचं चाक मांड्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ करतो, तिसरा रस्त्यातला खड्डा दाखवतो आणि चौथा महापालिकेच्या नावानं सुरू होतो. खड्डा नसला तर कुत्रं असतं, कुत्रं नसलं तर वाळू असते, आणि काहीच नसलं तर उलट्या बाजूनं आलेला वडापवाला, म्हणजे सीटवारी जीपवाला, हमखास असतो. पडणारा सोडून सगळ्यांची चूक. ही केवढी मोठी सोय आहे, ते मला नेदरलँड्समध्ये राहायला आल्यावर समजलं.

इथे उट्रेख्तमध्ये चूक ढकलायला जागाच ठेवलेली नाही. सायकलींचा रस्ता वेगळा, तांबड्या डांबराचा. त्यांचे सिग्नल वेगळे. देशात पावणेदोन कोटींच्या वर माणसं आणि सायकली दोन कोटींच्या वर. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली, तर भरपाईची जबाबदारी बहुतेक वेळा मोटारवाल्यावर येते, म्हणजे कायदाही आपल्याच बाजूनं. पण त्याचा फायदा घ्यायला निदान एखादी मोटार जवळपास लागते. मी इथे जेवढ्या वेळा आडवा झालो, त्यातल्या एकाही वेळी आसपास मोटार नव्हती. एकदा कुत्रं होतं, तेही पट्ट्याला बांधलेलं आणि मालकिणीच्या पायाशी शहाण्यासारखं बसलेलं.

२०१८ मध्ये आल्या आल्या जुनी सायकल घेतली. काळी, उंच हँडलची. हिला इथे 'ओमाफीट्स' म्हणतात, म्हणजे आजीची सायकल. हँडलवर ब्रेक नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. विकणाऱ्यानं हे मला दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान डोलावली. कॉलेजपर्यंत रोज सायकल मारलेला माणूस मी, मला काय ब्रेक शिकवतोय, असा माझा एकूण भाव.

आता आपल्याकडच्या पोरांची एक सवय आठवा. उतार लागला की पायडल मारणं थांबवायचं आणि उगाचच उलटं फिरवत फ्रीव्हीलचा टर्रर्र आवाज काढत जायचं. त्याचा उपयोग शून्य, पण सुख मोठं. आम्ही राहतो लाइड्श राइन भागात. तिथून गावात यायला मोठा कालवा ओलांडावा लागतो आणि त्यावर २०१७ मध्ये खास सायकलींसाठी पूल झालाय. डाफ्ने स्खिपर्स या धावपटूचं नाव दिलंय त्याला. पुलाची गंमत अशी की पलीकडे उतरताना रस्ता एका शाळेच्या छपरावरून गोल वळसा घेत खाली येतो. खरोखर छपरावरून. खाली वर्ग, वर सायकली. पहिल्याच आठवड्यात, सकाळी, स्वच्छ ऊन, झकास उतार. मी पायडल थांबवलं आणि वीस वर्षांपूर्वीच्या सुखासाठी ते जोरात उलटं फिरवलं.

मागचं चाक जागच्या जागी गच्च झालं. सायकल आडवी घसरली आणि मी तिच्याआधी कठड्याजवळ पोचलो. लागलं थोडं कोपराला. पण खाली मैदानात मधली सुट्टी होती. पंचवीसेक डोकी एकदम वर झाली. एकानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. टिंगल नव्हती त्यात, कौतुक होतं, हे जास्त वाईट.

त्याच ब्रेकचा दुसरा त्रास बारीक आहे, पण रोजचा. सिग्नलला थांबलो की पायडल जिथे असेल तिथेच राहतं, कारण उलटं फिरवून ते वर आणता येत नाही. हिरवा दिवा लागल्यावर तळाशी गेलेल्या पायडलवर लाथा झाडणारा एकटा मी, आणि मागे तीस जणांची रांग. कुणी घंटी वाजवत नाही. इथली माणसं घंटी वाजवण्याऐवजी सुस्कारा सोडतात. पायानं जमिनीला रेटा देऊन आधी सायकल सुरू करायची असते आणि मग पायडल शोधायचं असतं, हे मला सहा वर्षांच्या एका मुलीनं नुसतं करून दाखवलं.

बटाट्यांचं प्रकरण बायकोच्या मते सगळ्यात टाळण्याजोगं होतं. ती म्हणाली होती, पिशवी हँडलला अडकवू नकोस. मी म्हटलं, पाच मिनिटांचा तर रस्ता. तीन किलो बटाटे डाव्या हँडलला, कांदे उजव्या. बटाट्यांनी झोका घेतला, पिशवीचा कोपरा पुढच्या चाकाच्या तारांत गेला, चाक अडलं, मी हँडलवरून पुढे. तांबड्या, एकसारख्या, किंचितही उंचसखल नसलेल्या रस्त्यावर बटाटे फार लांब जातात. खड्ड्यांचा हा एक फायदा तेव्हा लक्षात आला.

ऐंशीच्या घरातल्या एक आजी थांबल्या. त्यांनी सायकल स्टँडला लावली, काही न बोलता बटाटे वेचले, आपल्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या झोळ्यांमध्ये भरले आणि माझ्या दारापर्यंत आणून दिले. दारात एकच शब्द बोलल्या, "फीट्सटास." म्हणजे त्या झोळ्या. वजन मागे, खाली आणि दोन्हीकडे सारखं. मिरजेतल्या कुठल्याही दूधवाल्याला हे माहीत आहे. कॅन लावलेल्या अशा शंभर सायकली बघत मी लहानाचा मोठा झालो, आणि ते मला सांगायला उट्रेख्तच्या आजी लागल्या.

पण खरी अब्रू गेली ती स्टेशनावर.

इथल्या स्टेशनाखाली सायकलींचा तळ आहे. २०१९ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा जगातला सगळ्यात मोठा म्हणून गाजला. तीन मजले, साडेबारा हजार सायकली. सायकलवरूनच आत शिरायचं, मोकळ्या जागा किती ते पाट्यांवर बघत पुढे जायचं. रॅक दोन मजली, वरचा ओढून खाली घ्यायचा, सायकल चढवायची, परत ढकलायचा. आत जाताना आणि बाहेर पडताना रेल्वेचं कार्ड टेकवायचं. पहिले चोवीस तास फुकट, पुढे तेव्हा दिवसाला सव्वा युरो पडायचे.

नोव्हेंबरातला गुरुवार होता. गाडी चुकत होती म्हणून दिसेल त्या रॅकला सायकल लावून पळालो. संध्याकाळी आलो तर सायकल नाही. मी नेहमी जिथे लावतो ती रांग दोनदा पाहिली, मग शेजारची, मग वरची. काळ्या सायकली इतक्या की डोळे भिरभिरले. एक अगदी माझीच वाटली. किल्ली घातली, फिरेना. थंडीनं कुलूप धरलं असेल म्हणून जोर लावला, फुंकर मारली, हातानं घासून गरम केलं. हे किती वेळ चाललं कोण जाणे. मागून आवाज आला, "मी मदत करू का?" उंच, तरुण मुलगा. मी म्हटलं, हो, जरा बघ ना, उघडतच नाहीये. त्यानं खिशातून आपली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. सायकल त्याची होती. "इतकी छान वाटली का?" असं विचारून तो निघून गेला.

मग माझी खात्रीच झाली की चोरीला गेली. घरी सांगितलं. ऑफिसात सांगितलं, तिथे सगळ्यांनी आपापल्या चोरीला गेलेल्या सायकलींच्या कहाण्या सांगून मला जमातीत घेतलं. एका सहकाऱ्यानं स्वतःची जादा सायकल वापरायला दिली. चॉकलेटही दिलं. मिरजेला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तिथे पण चोर असतात होय!" आणि तिला जरा बरं वाटल्यासारखं मला ऐकू आलं.

नऊ दिवसांनी, सहकाऱ्याची सायकल लावायला त्याच तळात गेलो आणि कार्ड टेकवलं तर यंत्र कुरकुरलं. काउंटरवरच्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "तुमची एक सायकल आधीच आत आहे."

मी म्हटलं, नाही, ती चोरीला गेली.

"मग चोरानं तुमचं कार्ड वापरायला हवं होतं. आत आहे ती. कुठल्या मजल्यावर लावली होती?"

मी ठामपणे म्हटलं, मधल्या.

ती सगळ्यात खालच्या मजल्यावर होती. घाईत त्या दिवशी मी एक उतार जास्त उतरलो होतो. मागच्या चाकाचं कुलूप उघडं, किल्ली त्यातच लटकलेली. या कुलपात किल्ली फिरवून कडी लावल्याशिवाय ती बाहेरच निघत नाही, म्हणजे मी कुलूप लावलंच नव्हतं. नऊ दिवस कुलूप नसलेली सायकल साडेबारा हजार सायकलींत उभी होती आणि कुणी हात लावला नव्हता. नऊ दिवस खिशात असलेली जी किल्ली मी दुसऱ्याच्या कुलपात कोंबली होती, ती घरातल्या माळ्याच्या पेटीची निघाली. आठ दिवसांचे दहा युरो भरले. ऑफिसात मात्र सांगितलं की पोलिसांना सापडली. चॉकलेट खाऊन झालं होतं, दुसरं काय सांगणार?

फोनचं थोडक्यात आटपतो. १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना हातात फोन धरायला इथे बंदी आहे. ॲमस्टरडॅममध्ये रस्ता बघायला म्हणून मी तो धरला. पुढचं चाक ट्रामच्या रुळात गेलं. रूळ शक्यतो आडवे कापायचे असतात. मी त्यांच्यातूनच निघालो होतो. ट्राम लांब होती, ड्रायव्हरनं थांबवली आणि हाताची घडी घालून माझं चाक निघेपर्यंत बघत बसला. डब्यातले लोकही.

घरात या विषयावरची शेवटची सत्ता आता मुलीकडे आहे. दहा-अकराव्या वर्षी शाळेत पोरांची वाहतुकीची परीक्षा असते. लेखी आणि गावातल्या रस्त्यांवर प्रत्यक्ष सायकल चालवूनही. तयारीसाठी तिनं मलाच प्रश्न विचारले. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ असते, तिला शार्कचे दात म्हणतात. टोकं आपल्याकडे असली तर आपण दुसऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. मी इतकी वर्षं ते पुढे जाण्याचे बाण समजत होतो. "पण बाबा, ते तुझ्याकडे टोक करून आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, मला वाटलं बोलावतायत.

आता अण्णा. माझे वडील, वय एकाहत्तर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहायचे. मिरज ते सांगली रोज सायकलनं, जाऊन-येऊन वीस किलोमीटर, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. २०२३ च्या मे महिन्यात आई आणि ते आमच्याकडे आले. ओमाफीट्स पाहून त्यांनी दोनच प्रश्न विचारले, ब्रेक कुठे आणि कुलूप कसं. मग दहा मिनिटं अंगणात गोल गोल फिरून तो ब्रेक नीट अंगवळणी पाडला. मी तेव्हा हसलो होतो. डावा पाय पायडलवर ठेवून, दुसऱ्यानं दोन ढकल्या देऊन, टांग मारून ते बसले. इथले म्हातारेही अगदी तसंच बसतात. समोरून आलेल्या एकानं त्यांना टोपी काढून नमस्कार केला. मला आजवर कुणी केलेला नाही.

आम्ही फेख्त नदीच्या कडेनं मार्सनवरून ब्रुकेलनकडे निघालो. जुने वाडे, बागा, पाण्यात बदकं. वारा समोरून होता. इथे वारा नेहमी समोरूनच असतो, जाताना आणि येतानाही. अण्णा मागे, मी पुढे, गाइडच्या थाटात. ब्रुकेलनवरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला नाव पडलं, ही माहिती मला त्यांना द्यायची होती. एका हातानं गाव दाखवत, मान पूर्ण मागे वळवून, वाऱ्यावर ओरडून मी ती दिली.

रस्त्याच्या कडेला पाण्याचा चर होता. त्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा असा दाट थर साचला होता की गवतच वाटावं. मीही ते गवतच समजलो. पुढचं चाक गेलं, पाठोपाठ मी गुडघ्यापर्यंत.

अण्णांनी शांतपणे पायडल उलटं दाबलं, थांबले, उतरले, सायकल स्टँडला लावली. हात देऊन मला बाहेर काढलं. पँटवरची पानं झटकली.

"खड्डा होता काय रे?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मागे वळून तो तांबडा रस्ता पार वळणापर्यंत न्याहाळला. मग पुढचाही न्याहाळला.

"हं," ते म्हणाले. "महापालिका कुठली म्हणायची ही?"