नऊ सुपरहिरो आणि एक खतावणी

गेल्या गणेशोत्सवात इंदूरच्या आमच्या लोकमान्यनगरच्या घरी नातेवाईक जमले होते. सकाळची आरती आटोपून सगळे पोहे-जिलेबीवर बसले असताना माझ्या भाच्याने प्रस्ताव मांडला की, आपण सर्वांनी मिळून इंदूरच्या सुपरहिरोंची एक कथा ऑनलाइन लिहावी. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्या पात्राच्या तोंडून आणि हातून जे घडेल ते त्यानेच लिहायचे आणि पुढचा दुवा दुसऱ्याने जोडायचा. कल्पना सर्वांना आवडली. मात्र ती चालवायची कोणी, हा प्रश्न निघताच खोलीतल्या माना माझ्याकडे वळल्या. मी बावीस वर्षे एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात हिशेब लिहिते आणि आयुष्यात एकही कथा लिहिलेली नाही. "मावशी, तुला वह्या ठेवायची सवय आहे, तूच सूत्रधार," असे भाच्याने जाहीर केले आणि विषय संपला.

पहिले चार दिवस निव्वळ गोंधळात गेले. व्हॉट्सॲपवर एक गट काढला, त्यात नऊ जण घेतले आणि कथेला सुरुवात करा म्हणून सांगितले. परिणामी राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर खलनायक उभा असतानाच खाली कोणीतरी मोदकांचे प्रमाण विचारीत होते, आणि तिसऱ्याच्या पात्राने तोपर्यंत त्या खलनायकाला दोनदा मारून टाकले होते. शिवाय तेथे पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. एका मामेबहिणीने आपले वाक्य उत्तर आल्यानंतर बदलले आणि ज्या प्रश्नाला उत्तर दिले होते तो प्रश्नच कथेतून नाहीसा झाला. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांची, म्हणजे मिलच्या रोषणाईच्या चित्ररथांची, मिरवणूक पाहून परतल्यावर मी तो मजकूर सलग वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्या लक्षात आले की, कार्यालयात अशी वही कोणी माझ्यापुढे ठेवली असती तर मी ती न वाचताच परत केली असती.

म्हणून मी मला येत असलेले एकमेव काम केले, ते म्हणजे दोन वह्या घातल्या. जे घडते ते घडेल त्या क्रमाने लिहायचा तो रोजमेळ, आणि प्रत्येक पात्राचे स्वतंत्र खाते असलेली ती खतावणी. रोजमेळ म्हणजे गूगल डॉक्समधली मुख्य कथा. तिच्या जुन्या आवृत्त्या आपोआप जपल्या जातात, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या मामांच्या बोटाने एकदा अख्खे प्रकरण पुसले गेले तेव्हा ते पाच मिनिटांत परत मिळाले. गप्पांसाठी व्हॉट्सॲपचा जुना गट ठेवून त्याचे नाव 'ओटा' केले आणि तेथे कथेची एक ओळही लिहायची नाही, असे बंधन घातले. जेथे निकाल नशिबावर सोडायचा असेल तेथे टेलिग्रामवर फासा टाकायचा, कारण तेथे फाशाचे चिन्ह पाठवले की एक ते सहापैकी कोणता आकडा पडेल हे पाठवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

पात्रे ठरवताना मी प्रत्येकाकडून एक पानाचे टिपण मागितले. त्यात पात्राचे नाव, पोटापाण्याचा व्यवसाय, शक्ती, त्या शक्तीचा खर्च आणि काहीही झाले तरी ते पात्र जे करणार नाही अशी एक गोष्ट लिहायची होती. चित्रपटांतले आणि कॉमिक्समधले तयार नायक घ्यायला मी बंदी केली. ते दुसऱ्यांचे असतात हे एक कारण, आणि त्यांनी पुढे काय करायला हवे यावर वाचलेल्या-पाहिलेल्या गोष्टींवरून वाद होतात हे दुसरे. खर्चाचा रकाना मात्र बहुतेकांनी रिकामाच पाठवला. शक्ती जमेच्या बाजूला आणि खर्चाच्या बाजूला काहीच नाही, असे खाते मी कसे मान्य करणार? नऊपैकी सात टिपणे मी परत पाठवली.

गावाने मात्र आम्हांला भरभरून दिले. सुपरहिरोला दुहेरी ओळख लागते, आणि आमच्या सराफ्याला ती आधीपासूनच आहे. दिवसा सोन्याचांदीची पेढी आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांवर गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे मागणारी गर्दी. चुलतबहिणीची नायिका दिवसा तेथे दागिन्यांना डाग देते, म्हणजे त्यांचे सांधे जोडते, आणि रात्री हाताच्या स्पर्शाने धातू वितळवते, परंतु जेवढा धातू वितळेल तेवढी तिच्या हातांची ऊब जाते. बारा वर्षांच्या भाचीने, जी स्वतःचे खाते नसल्यामुळे आईच्या फोनवरून लिहिते, कान्ह नदीशी बोलणारी मुलगी घेतली. खलनायक मी घेतला. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. तो चढ उलटा फिरवून शहराचे पाणी परत खाली ओढणारा एक माणूस मी कल्पिला आणि, येथेच माझी चूक झाली, त्याची शेवटापर्यंतची गोष्ट चौदा पानांत लिहून ठेवली.

पाळीचा नियम असा होता की, प्रत्येकाला अठ्ठेचाळीस तास आणि अडीचशे शब्द. तेवढ्यात मजकूर आला नाही तर ते पात्र त्या प्रसंगापुरते 'कामानिमित्त उज्जैनला' जाईल. हे उज्जैन इतक्या वेळा आले की ओट्यावर त्याचा वाक्प्रचार झाला. न्यू जर्सीच्या बहिणीचा हिशेब वेगळाच होता. तिचे घड्याळ आमच्या साडेनऊ तास मागे असे, ते नोव्हेंबरात साडेदहा तास झाले आणि तिची मुदत एक तासाने हुकली. तिने तक्रार केली, ती रास्त होती, आणि त्यानंतर सर्व मुदती भारतीय वेळेसह तिच्या वेळेतही लिहिण्याची प्रथा पडली.

सर्वांत मोठे भांडण भाच्याच्या पात्रावरून झाले. बंगळुरूला अभियांत्रिकी शिकणाऱ्या या मुलाचा नायक काळ थांबवीत असे. पहिल्याच चकमकीत त्याने लिहिले की, त्याने काळ थांबवला, माझ्या खलनायकाच्या मुसक्या बांधल्या, इतर तिघांना सुरक्षित जागी नेले आणि काळ पुन्हा सुरू केला. बाकीच्यांना लिहायला शिल्लक राहिले होते ते फक्त आभार. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, माझी शक्तीच तशी आहे, मी काय करू?" त्या रात्री एक नियम लिहिला गेला, जो आजही आमच्या कागदाच्या माथ्यावर आहे: प्रयत्न लिहिणाऱ्याचा, परिणाम ज्याच्यावर होतो त्याचा. मी घाव घातला एवढेच मी लिहावे. तो लागला की चुकला हे समोरच्याने लिहावे, आणि दोघांचे जमत नसेल तर फासा टाकावा. समस्यापूर्तीच्या जुन्या काव्यखेळात शेवटचा चरण दुसऱ्याने दिलेला असतो आणि त्याच्याशी प्रामाणिक राहूनच आपले तीन चरण रचावे लागतात; आमच्या पूर्वजांना हे समजत होते आणि आम्हांला त्यासाठी दोन आठवडे भांडावे लागले.

त्याच्या खात्यात खर्चही घातला. काळ जितकी मिनिटे थांबेल तितक्या त्याच्या आठवणी जातील, आणि कोणत्या जातील हे फासा ठरवील. तो चिडला, परंतु त्याने ते मान्य केले. सहाव्या प्रकरणात त्याने बुडणाऱ्या मुलांसाठी चार मिनिटे थांबवली, फासा पडला, आणि त्याने पाठवलेल्या मजकुरात त्याचा नायक पहाटे राजवाड्याच्या चौकात उभा राहून पोहेवाल्याला विचारतो, "भिया, मल्हारगंजात माझे घर कोठे आहे?" आमच्या कथेतला तोपर्यंतचा सर्वांत चांगला परिच्छेद तो होता, आणि ज्या खर्चासाठी तो माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता त्यातूनच तो आला होता.

या 'भिया'वरूनही वाद झालाच. पुण्याच्या वहिनी 'तू काय करून राहिला' यासारखी वाक्ये दुरुस्त करून ठेवीत आणि इंदूरकर ती पुन्हा मूळपदावर आणीत. शेवटी निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद ज्याच्या त्याच्या बोलीत, असे ठरले. खतावणीत 'माहिती' नावाचा रकानाही याच सुमारास वाढवला. लेखकाने वाचले म्हणून पात्राला कळले असे होत नाही, हे समजावून सांगण्यापेक्षा प्रत्येक पात्राला आजपर्यंत काय ठाऊक आहे ते नोंदवणे सोपे गेले.

मामांची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तेथे दोष माझा होता. मामा तरुणपणी हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली. त्यांचा नायक म्हातारा मुकादम आहे. त्याने मिलचा भोंगा वाजवला की ऐकणारा प्रत्येक जण जागच्या जागी थांबतो, कारण हजेरी सुरू होते; खर्च एवढाच की सर्व नावे पुकारून होईपर्यंत मुकादमालाही हलता येत नाही. मामा फोनला तोंडी मजकूर सांगतात आणि विरामचिन्हे मी घालते. सातव्या प्रकरणात माझ्या चौदा पानांप्रमाणे सगळ्यांनी जलूदला जायचे होते, आणि मामांनी मुकादमाला बंद मिलच्या आवारात नेले. मी तो मजकूर कथेच्या ओघात बसत नाही म्हणून परत केला. त्यांनी "बरं" एवढेच म्हटले आणि पुढचे बारा दिवस त्यांचा मुकादम उज्जैनला होता.

तेराव्या दिवशी खतावणी चाळताना मला दिसले की, नऊही खात्यांना खर्चाचा रकाना आहे आणि सूत्रधाराचे खातेच नाही. मी कितीही मजकूर परत करू शकत होते आणि त्याचे मला काहीही द्यावे लागत नव्हते. मी दहावे खाते उघडले: एका प्रकरणात एकदाच नकार, आणि त्या नकाराबद्दल पुढच्या प्रकरणाची दिशा ज्याला नकार दिला त्याने ठरवायची. त्यानंतर मामांच्या घरी गेले, चौदा पाने त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "मामा, आता मुकादम नेईल तिकडे." त्यांनी पाने चाळली, चष्मा काढला आणि विचारले, "तुझ्या त्या पाणी ओढणाऱ्याला भोंगा ऐकू येतो का?" ते मी ठरवलेच नव्हते.

सध्या अकरावे प्रकरण चालू आहे. परवा मामांची पाळी होती. मुकादमाने भोंगा वाजवला, माझा खलनायक थांबला आणि हजेरी सुरू झाली. मामांनी सांगितलेला मजकूर म्हणजे मिलमधल्या त्यांच्या खात्यातल्या माणसांची केवळ नावे होती, एकाखाली एक; मधूनच "हा रात्रपाळीचा", "हा झांकीचे दिवे लावायचा" असे दोन-चार शब्द. अडीचशेची मर्यादा तिसऱ्या मिनिटाला ओलांडली गेली आणि ते थांबले नाहीत. कथेत टाकताना सर्व आडनावे गाळायची, एवढे आम्ही दोघांनी ठरवले. ओट्यावर त्या संध्याकाळी कोणीच काही लिहिले नाही, फक्त भाच्याने विचारले की पुढची नावे उद्या येणार का. मी दहाव्या खात्यात नोंद केली: नियम मोडू दिला, एक. मग मामांना फोन लावून विचारले की, अजून किती जण राहिले आहेत.