किएन्झल घड्याळ दुरुस्त करताना: सोल्डर सगळ्यात शेवटी

कोल्हापूरच्या पावसाळ्यात जुन्या गाड्या महिना-महिना झाकून उभ्या असतात आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ नेमकं तेव्हाच बंद पडतं. दोष ओलाव्याला दिला जातो, पण मूळ बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीत असतं.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या मर्सिडीजमधलं किएन्झल या जर्मन कंपनीचं घड्याळ स्प्रिंगवर चालतं. स्प्रिंग उतरली की दोन पॉइंट (करंट जोडणारे धातूचे संपर्क) टेकतात, कॉइलला करंट मिळतो, आर्मेचर (कॉइलने ओढला जाणारा लोखंडी भाग) झटक्यात उडतं, स्प्रिंगला चावी बसते आणि पॉइंट सुटतात. अधूनमधून ऐकू येणारा ‘टक्’ तो हाच. व्होल्टेज कमी पडलं की झटका अपुरा होतो, पॉइंट चिकटून राहतात, कॉइल तापत जाते. ती जळू नये म्हणून आत एक ताणलेली पत्ती लवकर वितळणाऱ्या सोल्डरच्या सांध्याने धरून ठेवलेली असते. तो सांधा सुटला की घड्याळ थांबतं.

नुसता सांधा जोडून घड्याळ परत बसवलं तर ते फार दिवस टिकत नाही. पॉइंट काळे आणि तेल घट्ट झालेलं असेल तर भरलेल्या बॅटरीवरही आर्मेचर अडतं. म्हणून मी आधी मल्टिमीटरने कॉइल तपासतो. काही ओहम दाखवले तर कॉइल शाबूत. काहीच दाखवलं नाही तर वाइंडिंगवाल्याकडून त्याच गेजची तार भरून घ्यायची. क्वार्ट्झ मशीन बसवणं सोपं आहे, पण तो ‘टक्’ जातो. कॉइल वाचत असेल तर माझं मत क्वार्ट्झच्या विरोधात आहे.

पॉइंटला पॉलिश पेपर लावू नका, त्याचे कण धातूत रुततात. जाड कार्डाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पॉइंटमधून ओढायची, पट्टी काळी यायची थांबेपर्यंत. चाकांची टोकं घड्याळजी वापरतात त्या व्हाइट पेट्रोलने पुसायची आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल द्यायचं. हेअरस्प्रिंगला आणि पॉइंटला तेलाचा थेंबही नको.

आता सांधा. साधं ६०/४० (कथिल-शिशाचं) सोल्डर १८३ अंशांच्या पुढे वितळतं. तोवर कॉइलचं वार्निश धोक्यात येतं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘१३८ ची पेस्ट’ मिळते, ती कथिल-बिस्मथची. जुनं सोल्डर आधी विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) पूर्ण उचलायचं. शिसं मागे राहिलं तर बिस्मथशी मिसळून ९६ अंशांच्या आसपासच वितळणारा मिश्रधातू होतो आणि पत्तीच्या ताणाने सांधा हळूहळू सुटतो. रेडिएटरला लावतात ते तेजाब इथे चालत नाही, ते तांबं खातं.

टेबलावर चाचणी घेताना राउटरचा अडॅप्टर लावू नका. झटक्यापुरता काही अँपिअर करंट लागतो. तो मिळाला नाही तर नवा सांधा तिथेच वितळतो. दुचाकीची भरलेली बॅटरी उत्तम. एक दिवस चालू द्या, मग मागच्या रेग्युलेटरने (वेग कमी-जास्त करणाऱ्या काट्याने) मागे-पुढे करा, एका वेळी अगदी केसभर.

गाडी उभी ठेवायची असेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवा.