ग्रॅम स्टेनिंग: आधी स्क्रीनवर, मग टेबलावर – माझा अनुभव

२०२०-२१ मध्ये बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स मी ऑनलाइन घेतली आणि कॉलेज उघडल्यावर तीच पुन्हा प्रयोगशाळेत. ग्रॅम स्टेनिंग म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखणं: जांभळे राहतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी दिसतात ते ग्रॅम निगेटिव्ह. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, धुवायला ९५ टक्के अल्कोहोल, सॅफ्रानिन (गुलाबी रंग): क्रम सगळ्यांना पाठ होता. घोडं अडलं अल्कोहोलपाशी.

पुस्तकात १०-२० सेकंद लिहिलेले असतात, पण हे काम घड्याळाचं नाही. स्लाइड तिरपी धरून थेंबथेंब अल्कोहोल सोडायचं आणि खाली येणारा थेंब रंगहीन झाला की लगेच पाणी. स्मिअर (काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर) जाड असेल तर रंग उतरतच राहतो, म्हणून मुलं अल्कोहोल ओतत राहतात. तोवर पातळ भागातल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही गुलाबी झालेल्या असतात. बॅसिलस या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूचं कल्चर (प्रयोगशाळेत केलेली वाढ) दोन-तीन दिवसांचं असेल तरी हेच होतं, कारण जुन्या पेशींची भित्तिका रंग धरून ठेवत नाही. म्हणून १८-२४ तासांचं कल्चर घ्यावं आणि त्याच स्लाइडवर शेजारी स्टॅफिलोकोकस (ग्रॅम पॉझिटिव्ह) व ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह) या ओळखीच्या जिवाणूंचे स्मिअर ताडून पाहायला ठेवावेत. जांभळा दिसायला हवा तो स्टॅफिलोकोकसच गुलाबी दिसला तर नमुन्याबद्दल काही बोलायचंच नाही.

व्हिडिओतली स्लाइड कधी बिघडत नाही, हीच त्याची अडचण. त्यावर उपाय म्हणून मी मुद्दाम बिघडवलेल्या स्लाइड्सचे फोटो पाठवले: एक जाड, एक जास्त तापवलेली, एक अल्कोहोलमध्ये जास्त धुतलेली. चूक कुठल्या पायरीला झाली, ते ओळखायचं. हा भाग ऑनलाइन जास्त चांगला झाला. प्रयोगशाळेत तीस मुलं आणि मोजके मायक्रोस्कोप असताना एवढी चर्चा होत नाही.

सिरियल डायल्युशनचं, म्हणजे नमुना नळीमागून नळीत दरवेळी दहापट पातळ करून जिवाणू मोजण्याचं, गणितही घरी नीट बसलं. १०⁻⁵ च्या नळीतून ०.१ मिली पसरवलं, ८६ कॉलनी (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) आल्या, म्हणजे मूळ नमुन्यात मिलीला ८.६ × १०⁷ जिवाणू. पण प्रत्यक्षात १०⁻⁴ वर २४० आणि १०⁻⁵ वर २४ च्या जागी ७० आल्या, तर आधी पिपेट बदलली होती का ते विचारावं. तीच पिपेट पुढच्या नळीत गेली की आतून चिकटलेला दाट द्राव बरोबर जातो. नळी नीट न हलवता घेतलं तरी आकडे असेच फसवतात.

स्ट्रीकिंग, म्हणजे सुट्या कॉलनी मिळाव्यात म्हणून प्लेटवर जिवाणू रेघा ओढून पसरणं, मात्र हातानंच येतं. लूप (तारेचं कडं) आचेवर तापवून गार न करता टेकवला तर चर्र आवाज येतो आणि पेशी मरतात. जोर दिला तर अगर (प्लेटमधलं जेलीसारखं खाद्य) फाटतं. अगर ४५-५० अंशांपेक्षा गरम ओतलं तर झाकणावर पाणी धरतं, ते खाली ठिबकून कॉलनी एकमेकींत मिसळतात. म्हणून प्लेट उलटीच ठेवायची.

घरी प्लेट वाढवू का, हा प्रश्न हमखास यायचा. उत्तर नाही. वापरलेल्या प्लेट्स १२१ अंशांवर निदान अर्धा तास ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) कराव्या लागतात. घरचा कुकर साधारण तेवढा दाब देतो, पण ज्यात वरण शिजतं त्यात ई. कोलाय कोण घालणार? त्याऐवजी घरी दही लावायला सांगितलं: एक वाटी फ्रीजमध्ये, एक ओट्यावर, एक कोमट जागी, आणि आंबटपणा बघायला दर दोन तासांनी पीएच पट्टी.